पातेल्याचे दोन कान

रचलेलं ढवळायचं नाही, एवढंच इलोनाबाईंचं म्हणणं होतं. कांदा जाड चिरला तरी चालेल, चरबी थोडी जास्त झाली तरी चालेल, पण एकदा थर लागले की पातेल्यात पळी घालायची नाही. तळाशी पाय, त्यावर डोक्याचे तुकडे, मग मांडीचं मटण, आणि सगळ्यांत वर, पाळण्यात बाळ निजवावं तशी, कलेजी. पाण्याचा थेंब नाही. मटणाने आपल्याच अंगच्या पाण्यात शिजायचं. खाली लागू नये म्हणून पातेल्याचे दोन्ही कान धरून ते मधूनमधून जागच्या जागी फिरवायचं, दळताना जातं फिरतं तसं, पण सावकाश.

उर्मिलाबाईंना हे इतक्या वर्षांत पटलेलं नव्हतं. ठाण्याला टिपणीसांच्या घरी रविवारी मटण चढलं की त्यांच्या हातात पळी यायची आणि जेवणं वाढेपर्यंत सुटायची नाही. न ढवळलेलं भांडं त्यांना रडणाऱ्या पोरासारखं वाटे. परदेशात, बिशानच्या या भाड्याच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे, वरदकडे, राहायला आल्यावर आधी त्या एकट्याच होत्या. मग सून युदितची आई, या इलोनाबाई, हंगेरीहून यायला लागल्या, आधी पाहुणी म्हणून, महिनामहिना. नंतर त्यांचा नवरा गेला, आणि येणं लांबत गेलं. एका चुलीवर दोन विहिणी. एकमेकींची भाषा दोघींना येत नव्हती. काम चालायचं ते हातवाऱ्यांवर, नातीवर आणि रागावर.

पहिल्याच वर्षी इलोनाबाईंनी गावाहून पाप्रिकाचा डबा आणला होता. उर्मिलाबाईंनी ते लाल तिखट समजून कडकडीत तेलाच्या फोडणीत टाकलं. क्षणात काळं झालं आणि सगळं मटण कडू. तेव्हा इलोनाबाईंनी गॅस बंद करून, पातेलं ओट्यावर उतरवून, मग पाप्रिका घालून दाखवली होती. आधी जाळ बाजूला, मग रंग. ते मात्र उर्मिलाबाईंनी मनोमन मान्य केलं. बोलून नाही दाखवलं.

आज सकाळी टेक्का मार्केटातून मटण आलं, पाय आले, भाजून साफ केलेलं डोकं आलं. साधा रविवार होता. सण नाही, वाढदिवस नाही. अकरा वर्षांची गार्गी टेबलाशी लसूण सोलत बसली होती. तिच्यामार्फत उर्मिलाबाईंनी विचारलं, आज हा घाट कशासाठी.

गार्गीने आजीचं नॉदीला सांगितलं. आईच्या आईला ती नॉदी म्हणे. नॉदी कलेजीवरची पातळ साल काढत राहिली. मग काहीतरी थोडंसं म्हणाली.

"ती म्हणते, त्यांच्या घरी हे लग्नात करतात. नाहीतर कोणी लांब जाणार असेल तेव्हा."

उर्मिलाबाईंनी मान डोलवली. म्हणजे हिलाही ठाऊक आहे तर.

त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच काय होती. वरदची नोकरी गेली तेव्हाच त्यांना कळलं होतं. खालच्या मजल्यावरच्या कस्तुरीच्या सासूचंही असंच झालं होतं. वरदच्या नोकरीच्या पासला बांधलेला त्यांचा इथे राहायचा पास. खुंटा उपटला की दोरीही गेली. आता घर युदितच्या पासवर उभं राहणार होतं. विद्यापीठातली तिची संशोधनाची नोकरी पक्की होती. तिच्या नावावर नवरा राहू शकतो, मुलगी राहू शकते, तिची आई राहू शकते. नवऱ्याच्या आईला त्यात जागा नाही. त्यातून गेले काही दिवस वरद न मागता चहा करून देत होता, आणि युदितने त्यांच्यासाठी मऊ तळव्यांचे बूट आणले होते. एवढं प्रेम फुकट कोण करतं.

त्यांच्या आईला ओव्या येत. लेकीच्या, भावाच्या, विहिणीच्याही. उर्मिलाबाईंना त्यांतल्या निम्म्याच आठवत. उरलेल्या त्या मनात स्वतःच जुळवून घेत.

दोघी गं विहिणींची, चूल एक, एक जाळ
एकीची लेक राणी, दुजीचं उपरं बाळ

इलोनाबाईंनी कलेजी शेवटच्या थरावर पसरली, झाकण ठेवलं, आणि एक कान स्वतः धरून दुसऱ्याकडे बोट केलं. लोखंडाचं जड पातेलं. त्यांच्या मनगटाला ते एकटीने पेलत नसे. उर्मिलाबाईंनी फडकं गुंडाळून दुसरा कान धरला. पातेलं घरघरत थोडं फिरलं. दोघी बाजूला झाल्या.

*

सुचित्रा टॅम्पिनीसहून आली तेव्हा घरभर कांदा आणि चरबीचा वास सुटला होता. तिने आईच्या पाया पडून पिशवी खाली ठेवली आणि भावाला सरळ मागच्या बाजूला, कपडे वाळत घालतात तिथे नेलं. बांबूंवर ओले टॉवेल लटकत होते. तिने विचारलं, सांगितलंस का.

वरद म्हणाला, आज जेवल्यावर सांगू. ती म्हणाली, मागच्या रविवारीही तू जेवल्यावरच म्हणाला होतास. त्याने टॉवेल नीट केला. तो सकाळपासून दमलेला दिसत होता, आणि काही काम न करणाऱ्या माणसाचा थकवा जास्त खोल असतो हे सुचित्राला दिसत होतं. तरी तिला राग आला. आईला तिच्या घरी नेता येत नव्हतं. तिचं स्वतःचं राहणंच नवऱ्याच्या पासवर होतं, आणि त्याची आई सरोजिनीताई तिथे आधीपासून होत्या. हे तिला कुणी विचारण्याआधीच ती प्रत्येकाला सांगत असे.

"मला एवढंच कळत नाही," ती म्हणाली, "की हिची आई राहणार आणि आपली जाणार, यात तुझ्या बायकोला काहीच वाटत नाही का."

उत्तर दारातून आलं. युदित धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होती. तिचं मराठी हळू आणि नीट असे, पायरी बघून पाय टाकावा तसं.

"ताई, मी तीनदा अर्ज केला. आईंसाठी. तिन्ही वेळा नाही आलं. विद्यापीठात पासचं बघणाऱ्या बाईंच्या ऑफिसात मी जाऊन बसले. त्या म्हणाल्या, स्वतःची आई, स्वतःचे वडील. बस."

सुचित्राने वरदकडे पाहिलं. हे तिला तो बोलला नव्हता.

"आणि मी वरदला म्हटलं," युदित बादली ठेवत म्हणाली, "की तू सांग, नाहीतर मी सांगते. तो म्हणाला, तू सांगितलंस तर तू घालवलंस असं होईल. मग मी गप्प बसले. आता तसंही तेच होतंय."

ती वाकून कपडे काढू लागली. गार्गीचा शाळेचा गणवेश, वरदचा शर्ट, उर्मिलाबाईंचा परकर, इलोनाबाईंचा फुलाफुलांचा झगा. सगळे एकाच बादलीतले. सुचित्राने ते पाहिलं, पदर खोचला आणि दुसऱ्या टोकाने चिमटे लावायला घेतले. वरदला तिने आत जायला सांगितलं, आणि ते सांगण्यात मघाची बाजू बदलली होती हे तिघांनाही समजलं.

चिमटे लावता लावता दोघी मटणाचं बोलल्या. दुसरं काय बोलणार. सुचित्राने सहज म्हटलं, आज गूलाश आहे वाटतं. युदित म्हणाली, माझ्या आईसमोर तो शब्द काढू नकोस. तिच्या गावात गुयाश म्हणजे पातळ रश्श्याचं, चमच्याने प्यायचं. हे घट्ट, याला प्योर्कोल्त म्हणतात. आणि तेही सगळीकडे सारखं नसतं. बाबा द्राक्षांच्या टेकड्यांवरचे, त्यांच्याकडे लाल वाईन घालून ढवळून करतात. नदीपलीकडे कुणी मश्रूम घालतं. आईचं गाव कार्त्साग, सपाट माळ, मेंढ्यांचा मुलूख; तिथे डोक्यापायांसकट, आणि न ढवळता.

"तू कसं करतेस?"

"बाबांसारखं. म्हणून आई म्हणते, मी दुसऱ्या गावाची झाले."

सुचित्राला हसू आलं. तिच्या सासरी, नागपूरकडे, मटणाला काळा जाळ मसाला. ती आता तसंच करते, आणि आई एक घास खाऊन म्हणते, छान आहे, पण आपलं नाही.

*

उर्मिलाबाई स्वयंपाकघरात एकट्या होत्या. इलोनाबाई आत फोनवर गावाकडच्या भाचीशी बोलत होत्या. त्यांचा आवाज उंच होऊन पुन्हा खाली येत होता. मागून लेकीचा आणि सुनेचा आवाज येत होता, शब्द नाही. वरद हॉलमध्ये टीव्ही लावून, आवाज बंद करून बसला होता.

सगळे आपल्यासाठीच हळू बोलत आहेत हे उमगलं की माणसाला स्वतःचंच ओझं होतं. त्यांनी ठाण्याच्या घराचा विचार केला. बंद खिडक्या, गॅसची नळी बदलायला हवी, शेजारचे गुप्ते आता मुलाकडे. काही अवघड नाही. एकटीचं काय, मूठभर भात. गार्गी शाळेतून येताना लिफ्टपासून आजी आजी करत येते, तेवढं ऐकू येणार नाही. बाकी सगळं तसंच.

डोळ्यांत आलं म्हणून त्यांनी पदर लावला. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत होती. त्यांना करपल्यासारखा वास आला, का नुसताच वाटला. हाताला कधी विचारायची सवय नव्हती. हाताने झाकण उचललं, खुंटीवरची पळी काढली, आणि तळापर्यंत घालून, कडेने, मधून, पुन्हा कडेने, आयुष्यभर ढवळलं तसं ढवळलं.

तिसऱ्या फेऱ्याला कलेजी फुटली. रस दाटला, मळकट झाला, रवाळ दिसू लागला. खालचा एक पाय वर आला.

त्यांना तेव्हा कळलं, आणि मागे इलोनाबाई उभ्या आहेत हेही कळलं.

इलोनाबाईंनी पुढे होऊन गॅस बंद केला. पातेल्यात पाहिलं. मग टेबलाजवळची खुर्ची ओढून बसल्या आणि रडायला लागल्या. मोठमोठ्याने नाही. एखादं जुनं कापड फाडावं तसं, थोडं थोडं.

"अहो विहीणबाई," उर्मिलाबाई म्हणाल्या, "हात गेला हो माझा. मुद्दाम नाही केलं."

आवाज ऐकून सगळी आली. दारात वरद, त्याच्यामागे सुचित्रा, ओल्या हातांची युदित. गार्गी टेबलाच्या पलीकडून दोघी आज्यांकडे आळीपाळीने बघत होती. इलोनाबाई बोलू लागल्या, न थांबता, आपल्या भाषेत. युदितचा चेहरा ऐकता ऐकता बदलत गेला. ती मधेच काहीतरी म्हणाली. आईने हात हलवून तिला थांबवलं.

"काय म्हणतेय ती?" उर्मिलाबाईंनी विचारलं. "मटणाचं?"

युदित आईकडेच बघत होती. वरदला थोडंफार कळलं असावं. तो जमिनीकडे बघत होता. शेवटी गार्गीनेच सांगितलं, शाळेत उभं राहून सांगावं तसं.

"मटणाचं नाही, आजी. ती म्हणते, हे तिने स्वतःसाठी केलं होतं. She's going back. ती जाणारे, कार्त्सागला. तिकीट काढलंय. ती म्हणते, ती मम्माकडे राहायला आली होती. तुला उठवून तुझ्या जागेवर बसायला नाही आली."

खाली कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी सतरंजी झटकत होतं.

"मग आईला राहता येईल का?" सुचित्राने युदितला विचारलं. तिच्या आवाजात नको इतकी आशा होती.

"नाही, ताई. ही गेली म्हणून जागा आईंची होत नाही. नुसती रिकामी होते." युदित भिंतीला टेकली. "मी हिला हेच सांगतेय. तिला माहीत आहे. तरी जाते म्हणते."

आणि मग वरद बोलला. किती दिवस घशात धरून ठेवलेलं, ते अशा वेळी, अशा वासात, त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "आई, तुझा पास..."

"माहीत आहे रे," उर्मिलाबाई म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"तू चहा केलास ना मला."

वरदने तोंड फिरवलं. सुचित्रा पुढे झाली तशी उर्मिलाबाईंनी तिला हातानेच थोपवलं. त्यांना कुणाच्या मिठीत जायचं नव्हतं. फार थकवा आला होता. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि इलोनाबाईंच्या शेजारी बसल्या. हातातली पळी अजून तशीच होती, तिच्यावरून लाल थेंब फरशीवर पडत होता. दोघी म्हाताऱ्या समोर बघत राहिल्या, एकाच फलाटावर वेगवेगळ्या गाड्यांची वाट पाहत बसल्यासारख्या.

इलोनाबाईंना काय वाटत होतं ते भाषांतरात मावण्यासारखं नव्हतं. नवरा गेल्यापासून लेकीच्या घरात त्या उठत, तेव्हा ही बाई आधीच उठलेली असे. चहाचा कप त्यांच्यासाठी झाकून ठेवलेला असे, कितीही भांडण झालेलं असो. ती आलं घालते म्हणून त्या रोज कुरकुरत, आणि रोज पीत. ती गेल्यावर त्या ओट्याशी एकटीने उभं राहायचं, तिच्या डब्यांमध्ये, तिच्या खुंट्यांखाली. ते त्यांना जमणार नव्हतं. त्यापेक्षा माळावरचं आपलं घर बरं, जिथे निदान रिकामपण स्वतःचं आहे. एवढं सगळं न सांगता त्यांनी उर्मिलाबाईंच्या हातावर हात ठेवला, पळीसकट.

*

"आता हे टाकायचं का?" सुचित्राने पातेल्याकडे पाहत विचारलं.

गार्गीने बोट बुडवून चाटलं. "नॉदी म्हणते कार्त्सागचं नाही राहिलं आता. मम्माच्या बाबांचं पण नाही, वाईन नाही ना. आजीचं पण नाही, खोबरं नाही." तिने पुन्हा चाटलं. "मग Bishan style lah."

पहिल्यांदा युदितला हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती नवऱ्याकडे बघायला वळली आणि मधेच थांबली. उर्मिलाबाईंनी ते थांबणं पाहिलं. हे त्या बरेच दिवस पाहत होत्या. नोकरी गेल्यापासून ही दोघं एकमेकांशी गार्गीच्या शाळेबद्दल, भाड्याबद्दल आणि आयांबद्दल बोलत होती. बाकी नाही. दोन विहिणींनी या घरात मिठावरून, फोडणीवरून, पंख्याच्या वेगावरून इतकं भांडून ठेवलं होतं की त्या गलक्याच्या आडोशाला दोघांचं न बोलणं खपून जात होतं. आता आडोसा निघून जाणार होता. दोन्ही बाजूंनी.

माझ्यासाठी मी रडत होते, त्यांच्या मनात आलं, आणि खरी उघड्यावर पडणार ती ही दोघं.

लेकाच्या घरी गं, मी तर भिंतीची सावली
सावली सरली, ऊन कोण झेली माउली

त्या उठल्या. गॅस लावला, बारीक केला. पातेलं अजून शिजायचं होतं. कलेजी फुटली ती फुटली, पण पाय कच्चे होते.

"वरद, इकडे ये. हा कान धर."

"आई, मी करतो, तू बस."

"एकट्याने होत नाही ते. युदित, तू तो धर."

युदित पुढे आली नाही. वरदने फडकं घेतलं, एक कान धरला आणि उभा राहिला. दुसरा कान मोकळा. झाकण थडथडत होतं. इलोनाबाई बसल्या जागेवरून लेकीला काहीतरी म्हणाल्या, दोनच शब्द, आणि ते कुणाला भाषांतर करून हवे नव्हते. युदितने झग्याच्या टोकाने हात पुसले, दुसरं फडकं घेतलं आणि कान धरला.

दोघांनी एकदम आपापल्या बाजूला ओढलं. पातेलं तिरकं झालं, झाकण घसरलं, रस कडेला आला.

"ओढायचं नाही," उर्मिलाबाई म्हणाल्या. "तिच्याकडून येतंय ते तू पुढे न्यायचं. नुसतं फिरवायचं."

"कुठल्या बाजूला?" वरदने विचारलं. तो आईला विचारत नव्हता.

"तुझ्या डावीकडे," युदित म्हणाली. "हळू. खाली जड आहे."

पातेलं घरघरलं. थोडं अडलं, मग गेलं. दोघांच्या कोपरांना कोपरं लागली आणि कुणी बाजूला झालं नाही. पुन्हा एकदा, अर्धा फेरा. सुचित्रा ताटं काढायला वळली. गार्गी मोजून चमचे घेऊ लागली, आणि आज सगळेच इथे जेवणार आहेत म्हणून तिला कुणाला वगळावं लागलं नाही.

उर्मिलाबाईंचा हात अजून शिवशिवत होता. तळाला लागतंय, असंच त्यांना वाटत होतं. त्या सिंकपाशी गेल्या, पळी धुतली, पुसून कोरडी केली आणि खुंटीवर न टांगता खणात ठेवून खण लावून घेतला.